भाकरीआधी घर

नंदुरबारला महिनाभर राहून आलो असं सांगितलं की नगरचे लोक लगेच विचारतात, "तोरणमाळ पाहिलं का?" नाही पाहिलं. सरदार सरोवराच्या पाण्यातून होडीनं मणिबेलीला जायचंही ठरलं होतं, तेही राहिलं. आम्ही तिकडे गेलो होतो चर्च पाहायला. म्हणजे इमारत पाहायला नव्हे, मुलासाठी स्थळ पाहतात तसं. मी, माझी बायको मार्था आणि एक पोपटी रंगाची वही, तिच्यात पाळकसाहेबांना विचारायचे अकरा प्रश्न. मी जिल्हा परिषदेतून कारकून म्हणून निवृत्त झालो आहे. प्रश्न लिहून नेल्याशिवाय मला कुठेच जाता येत नाही.

आधी मूळ गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमचा मुलगा अमोल समलिंगी आहे. दोन वर्षांपूर्वी त्यानं आम्हाला सांगितलं, नंतर आमच्या चर्चच्या मंडळीत कुठून तरी कळलं, आणि लहानपणापासून ज्या गटात तो गात होता त्यातून त्याला 'थोडे दिवस थांब' म्हणून सांगण्यात आलं. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. मार्थानं त्याच रविवारी बाकावरून उठून सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या लेकराला जिथं जागा नाही तिथं मी गुडघे टेकणार नाही. मी मात्र सहा महिने एकटाच जात राहिलो. सवय हो, दुसरं काय. मग तेही सुटलं.

अमोल आता खापरला असतो. अक्कलकुवा तालुक्यातलं बाजाराचं गाव, गुजरातची हद्द हाकेवर. तो तिथल्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासतो. त्याच्यासोबत योगेश राहतो. योगेश शहाद्याजवळच्या लोणखेड्याचा, केळी-उसाच्या गुजर शेतकऱ्यांच्या घरातला, शाळेत गणित शिकवतो. घरमालकाच्या लेखी दोघं 'खोली वाटून घेणारे नोकरदार'. डिसेंबरात अमोलचा फोन आला. म्हणाला, "पप्पा, मला पुन्हा चर्चला जावंसं वाटतंय. पण नव्या ठिकाणी एकट्यानं आत शिरायचं धाडस होत नाही. तुम्ही याल?" मार्थानं माझ्या हातातून फोन घेतला आणि "येतो" म्हणून ठेवूनही दिला. महिनाभर मुक्काम त्यांच्याच घरी होता.

नंदुरबार, पहिला रविवार

जानेवारीत नंदुरबारला जाणाऱ्यानं चार रुमाल जवळ ठेवावेत. गावाबाहेर जिकडे पाहावं तिकडे मिरच्यांच्या पथारी, लालेलाल, मैलभर पसरलेल्या. डोळ्यांना ते इतकं सुंदर दिसतं की गाडी थांबवावी, आणि थांबवली की नाकाला कळतं आपण काय केलं. आम्ही शहरातल्या चर्चमध्ये शिरलो तेव्हा वारा पथारींवरून येत होता. प्रार्थनेत मी पाच वेळा शिंकलो. गावचे लोक निवांत. शेजारच्या आजोबांनी डोळे मिटल्या मिटल्या मला गुळाचा खडा दिला.

उपासना अगदी आमच्यासारखी. तीच गीतं, तोच संथ सूर, तेच "सलाम" म्हणून हात मिळवणं. मला घरी आल्यासारखं वाटलं आणि मी मनातल्या मनात निम्मे प्रश्न खोडले. बाहेर पडताना सेक्रेटरी भेटले. माझ्याच वयाचे, माझ्यासारखाच शर्टाच्या खिशात पेन. "मुलगा इकडे सभासद होणार? उत्तम. मूळ मंडळीचं शिफारसपत्र आणा. वर्तणूक चांगली असल्याचं. ते आलं की प्रभुभोजनाला बसता येईल." प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर, मंडळीनं मिळून खायची.

अमोलनं माझ्याकडे पाहिलं. असं पत्र आमची मंडळी त्याला देणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पण मला वाईट वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. नगरला मंडळीच्या कमिटीतर्फे अठरा वर्षं ती पत्रं मीच लिहीत होतो. सुवाच्य अक्षरात, खाली शिक्का. एका मुलीनं दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी लग्न केलं आणि नाशिकला जाताना पत्र मागितलं, तेव्हा कमिटीनं नाही म्हटलं आणि तो नकारही मीच सुबक अक्षरात लिहून दिला होता. ती पोर माझ्या अंगणात चपला हातात धरून उभी होती. मला तेव्हा वाटलं होतं की मी फक्त कारकून आहे. नंदुरबारच्या त्या पायरीवर मला ते नीट दिसलं आणि स्वतःची लाज वाटली. हे मी मार्थाला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, वेळेवर सुचलं." अशी माझी बायको.

दुपारी शेवभाजी खाल्ली. नगरची शेवभाजी आणि ही, यात सख्खं नातं नाही. इथली तिखट अशी की दुःख विसरायला होतं. अमोल मात्र विसरला नव्हता, भाकरीचे तुकडे नुसते मोडत बसला होता.

नवापूरकडे, दुसरा रविवार

नवापूरच्या बाजूला खेडोपाडी चर्च आहेत आणि लोक लांबून लांबून ट्रॅक्टरमध्ये बसून येतात. आम्ही गेलो ते मोठं होतं. ढोल, कीबोर्ड, रंगीत पडदे, शंभरेक तरुण पोरं-पोरी. पत्राचं नावही कुणी काढलं नाही. पाळकसाहेब तरुण, हसतमुख. "आमच्याकडे सगळ्यांचं स्वागत आहे" असं त्यांनी तीनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा अमोल गाऊ लागला. दोन वर्षांनी मी त्याचा आवाज चर्चमध्ये ऐकत होतो. मार्थानं पदर डोळ्यांना लावला आणि मिरचीला दोष दिला. तिथे मिरची नव्हती.

मग चहा झाला. चहाबरोबर भजी आली आणि भज्यांबरोबर स्थळं. नोकरीवाला, निर्व्यसनी, नगरचा मुलगा! चहा संपेस्तोवर दोन नर्सबाई आणि एक शिक्षिका सुचवून झाल्या. मी पोपटी वही काढून सातवा प्रश्न विचारला, समलिंगी मुलाला इथं जागा आहे का. पाळकसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, अमोलच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "घाबरू नका. तीन शुक्रवार उपास-प्रार्थना करू. याच्याहून अवघड गोष्टी सुटलेल्या आम्ही पाहिल्यात."

माणूस वाईट नव्हता, तेच तर अवघड. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. अमोल परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाला, "पप्पा, आता पुरे." योगेश गाडी चालवत होता. तो उपासनेला आत आला नव्हता, बाहेर झाडाखाली पेपर तपासत बसला होता. त्यानं आरशातून अमोलकडे पाहिलं आणि अहिराणीत म्हणाला, "आखो एक देखू. मन्हा वर्गातला पोऱ्यासनं गाव शे, डोंगरमा. तठे मातीनं देऊळ शे तुम्हनं." अजून एक पाहू, म्हणत होता, डोंगरातलं मातीचं. अमोलला हसू आलं. योगेश अजूनही चर्चला देऊळच म्हणतो.

डोंगरात, तिसरा रविवार

गावाचं नाव लिहीत नाही, अमोलनं बजावलंय. खापरहून वर सातपुड्यात चढायचं, रस्ता संपला की अर्धा तास पायी. कुडाच्या भिंती, कौलं, आत शेणानं सारवलेली जमीन. भिंतीला क्रूस, क्रूसाशेजारी ढोल आणि मक्याच्या कणसांची माळ. बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे, चपला बाहेर. मार्थाला माझ्यापासून वेगळं बसवलं तेव्हा मी वहीत एक फुली मारली. पुरोगामी म्हणावं असं पहिल्या नजरेला तिथं काही नव्हतं.

पाळक महिन्यातून एकदाच येतात. बाकी सगळं रुपसिंगदादा पाहतात. साठीचे, सडसडीत, डोक्याला मफलर. गावात सगळे भिली बोलतात, पण दादांचा आमचूर खापरच्या बाजारात विकला जातो, त्यामुळे आमच्याशी ते बाजारच्या भाषेत, अहिराणीत बोलले; अमोल आमचा आंडोर, म्हणजे मुलगा, हे त्यांनी आधी विचारून घेतलं. मी आधीच सांगून टाकलं की आमच्याकडे शिफारसपत्र नाही.

"पत्र?" दादा म्हणाले. "पत्र आठे कोन वाची? आम्ही घर देखतस."

म्हणजे असं, की नवा माणूस आला तर मंडळी त्याच्या घरी जाते. त्याच्या चुलीवर रांधते, त्याच्या घरचं खाते. त्यानंतर येणाऱ्या पहिल्या रविवारी प्रभूची भाकर. त्यांच्याकडे भाकरच असते, दादरच्या, म्हणजे इकडच्या रब्बी ज्वारीच्या पिठाची. "गुरवारले तुम्हना घर येसूत," दादांची बायको मोगराबाई म्हणाली. "पंधरा-वीस मानसं. पीठ जास्ती ठेवजा."

अमोलचा चेहरा उतरला. घर पाहायला वीस माणसं येणार, आणि त्या घरात एक पलंग.

खापर, गुरुवार

आता जे लिहितो ते लिहायला जड जातं. बुधवारी संध्याकाळी मी योगेशला अंगणात बाजूला घेतलं आणि म्हटलं, "उद्याच्या दिवस लोणखेड्याला जाऊन येशील का? आईला भेटून ये."

तो हुशार आहे. त्याला काय ते कळलं. "हो काका," म्हणाला. "मी जास. तुम्ही काळजी नका करू." सकाळी सहाला मोटरसायकल काढून गेलाही. त्याचे शर्ट मी माळ्यावर टाकले, दोघांचा फोटो पिठाच्या डब्यामागे ठेवला आणि स्वतःला सांगितलं की हे सगळं पोरांच्याच भल्यासाठी.  मार्था पाठमोरी कांदे चिरत राहिली. अमोल दारात उभा राहून माझं सामान हलवणं पाहत होता. त्यानं अडवलं नाही, मदतही केली नाही.

अकराला एका पिकअपमधून बावीस माणसं उतरली. कोंबडा त्यांचाच, आमचूर त्यांचा, तूर त्यांची. बाया सरळ स्वयंपाकघरात शिरल्या, आम्हाला कुणी विचारलं नाही. आमच्या नगरला पाहुणी ओट्यापर्यंत यायला चार भेटी लागतात. इथे मोगराबाईनं पहिल्या मिनिटात सगळ्या डब्यांची झाकणं उघडली आणि माझी पंचाईत सुरू झाली.

"मीठ कोठे शे?" तिनं अमोलला विचारलं.

अमोलला माहीत नव्हतं. तो बाहेर गेला, फोन केला, आत येऊन म्हणाला, वरच्या फळीवर. मग काडेपेटी. पुन्हा फोन. मग परात. मग हळद. चौथ्यांदा तो बाहेर निघाला तेव्हा मोगराबाईनं त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि पीठ लागलेल्या हातानं कानाला लावला.

"तू कोन शेस रे?" तिनं विचारलं. पलीकडून काही बोलणं झालं. "मंग रांधस कोन? तूच ना? मंग तू कोठे शेस? घर ये. आम्ही आठे भुक्या बठेल शेतस."

फोन अमोलच्या हातात देऊन ती भाकरी थापायला बसली. तासाभरात जेवण तयार झालं. चुलीवरच्या कोंबड्याचा रस्सा, तुरीचं वरण, दादरच्या पांढऱ्याशुभ्र भाकरी, ठेचा. वाफा निघत होत्या. पण कुणी ताट पुढे ओढेना. मी यजमान म्हणून दोनदा आग्रह केला. रुपसिंगदादा मांडी घालून बसले होते. म्हणाले, "घर पुरं नही, त जेवन कसं?"

योगेश आला. लोणखेड्याहून येण्याइतका वेळच झाला नव्हता. तो लोणखेड्याला गेलाच नव्हता. अक्कलकुव्याच्या स्टँडवर सकाळपासून बाकावर बसून होता. "मायले काय सांगू, अवचित कसाले उना?" तो अमोलला हळूच म्हणाला. "म्हनीसन तठेच बठनू." सकाळपासून त्यानं दोन चहांशिवाय पोटात काही घातलं नव्हतं.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "याले कोनी धाडं?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. मार्था माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "मी. मला भीती वाटली. आणि लाजही वाटली, दादा. हे दोघं खोली वाटून राहत नाहीत. संसार करतात. एकमेकांवर प्रेम आहे त्यांचं." हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसांसमोर उच्चारले.

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. कोणीतरी भिलीत दुसऱ्याला समजावून सांगितलं. कोपऱ्यातले एक म्हातारे उठले, चपला घातल्या आणि पिकअपमध्ये जाऊन बसले. ते जेवले नाहीत. बाकीचे दादांच्या तोंडाकडे पाहत राहिले. दादांनी मफलर काढून मांडीवर ठेवला.

"माले हाई समजत नही," ते म्हणाले. "समजी का नही तेबी माहीत नही." मग योगेशकडे वळून, "बठ. थंडं व्हई ऱ्हायनं."

जेवलो सगळे. मोगराबाईनं योगेशच्या ताटात दोनदा रस्सा वाढला आणि रात्रीचा उरलेला गोळा दाखवून त्याच्या पिठात पाणी जास्त घालण्याच्या सवयीवर टीका केली. जाताना मात्र रविवारबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पिकअप गेल्यावर मी फोटो जागेवर ठेवला आणि माळ्यावर चढून शर्ट खाली काढले. योगेश घड्या घालू लागला. मी त्याची माफी मागितली. "काका, तुम्ही एकदाच धाडं," तो म्हणाला. "मी तं स्वतःले रोजच धाडस."  मी शिडी धरून उभा राहिलो.

शुक्रवार आणि शनिवार आम्ही वाट पाहिली. मार्थानं खापराच्या पुरणपोळ्या शिकून घेतल्या, मातीच्या उलट्या खापरावर भाजतात त्या, रुमालाएवढ्या. तिची पहिली पोळी सरळ चुलीत गेली, दुसरी माझ्या डोक्यावर पडता पडता वाचली. आम्ही खूप हसलो, आणि हसून झाल्यावर चौघंही पुन्हा रविवारवरच आलो. जायचं की नाही हे शेवटपर्यंत ठरेना. "बोलावलं नाही तर मागे बसू," अमोल म्हणाला. "पण मला जायचंय." योगेशनं इस्त्री केली, तीन शर्टांना आणि मार्थाच्या साडीला.

डोंगरात, शेवटचा रविवार

गर्दी मागच्या रविवारपेक्षा जास्त होती. न जेवता उठलेले म्हातारे दारापाशी बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही, पण सरकून वाट दिली. पाळक आलेले होते, बोलायला संथ, उंचीला ठेंगणे. उपदेश काय झाला ते मला आठवत नाही. मी मांडीवरची बोटं मोजत होतो.

मग पुढच्या पाटावरचं कापड काढलं. खाली भाकरींची चवड. आमच्याकडे प्रभुभोजनाला माणूस माणूस पुढे जातो, प्रत्येकाच्या तळहातावर एक तुकडा. इथे तसं नव्हतं. रुपसिंगदादा उभे राहिले आणि घरांची नावं घेऊ लागले. एकेक नाव घेतलं की ते घर उठायचं, डावीकडच्या बाया आणि उजवीकडचे पुरुष मधोमध एकत्र यायचे, पाळक त्या घराच्या हातात एक अख्खी भाकर द्यायचे आणि ते आपापसात मोडून खायचे. सहा माणसांचं घर असो की चौघांचं, भाकर एकच. एक विधवा बाई एकटीच उठली, तिलाही अख्खी भाकर मिळाली. तिनं ती मोडली आणि अर्धी पदरात बांधली.

घरं संपत आली. चवडीत थोड्याच भाकरी राहिल्या होत्या.

"पाव्हनानं घर," दादा म्हणाले. "नगर."

मी उठलो. पलीकडून मार्था उठली. मला इतका आनंद झाला की मी अमोलला दंडाला धरून उठवायला लागलो. चल, म्हटलं, चल, आपलं नाव घेतलं. तो अर्धा उठलाही. तेवढ्यात दादांनी हात वर केला.

"तुम्ही दोन्हीच."

अमोल खाली बसला.  इतक्या लांब येऊन, इतकं सगळं सांगून, शेवटी हेच? मी भाकर हातात घेतली खरी, पण मोडवेना. मार्थानं माझ्या हातातून घेऊन मोडली आणि अर्धी मला दिली. मी दादांकडे पाहिलं. माझ्या नजरेत राग असणार, कारण ते जरा हसले.

"तुम्हना आंडोर तुम्हना घरमा नही आते," ते म्हणाले. आणि मग माझ्या डोक्यावरून मागे पाहत, घरांची नावं घ्यायच्या त्याच आवाजात: "खापरनं घर. अमोल, योगेश."

मागे कापडाची सळसळ झाली. दोघं उठले असावेत. मी वळूनही पाहू शकलो नाही, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि भाकरीचा घास तसाच तोंडात होता. मी वाटेच्या मधोमध उभा होतो. मार्थानं माझी बाही ओढली.

"अहो, सरका," ती म्हणाली. "त्यांना पुढे येऊ द्या."